‘काही करत नाही तो!’

पहाटे साडेपाचला फाटक उघडतं, शेरू बाहेर पडतो, फाटक लागतं. मालक आत चहाला बसतात. साडेसातपर्यंत शेरू गल्लीचा, साडेसातनंतर पुन्हा त्यांचा. मधल्या दोन तासांत त्यानं कुणाच्या दारात घाण केली, कुणाच्या सायकलमागे धाव घेतली, कुणाला भिंतीशी खिळवून ठेवलं, हे त्या घरात कुणी विचारत नाही. सांगायला गेलं की एकच उत्तर मिळतं. “काही करत नाही हो तो!”

माझा राग शेरूवर नाही, या वाक्यावर आहे. शेरू हे नाव मी बदलून घेतलंय. वाक्य मात्र जसंच्या तसं आहे आणि तुमच्याही गल्लीत ते कुणीतरी रोज म्हणत असणार.

‘काही करत नाही’ याचा खरा अर्थ ‘मला काही करत नाही’ एवढाच. तो तुम्हाला कशाला काही करेल? त्याला भाकरी तुम्ही घालता. रात्री तुमच्या पायाशी तो झोपतो. तुमच्या घरी चारचाकीतून उतरून येणाऱ्या पाहुण्यांनाही तो काही करत नाही, कारण तुम्ही ‘शेरू, बस’ म्हणत पुढे उभे असता. प्रश्न आहे तुम्ही पुढे नसताना गल्लीतून जाणाऱ्यांचा. पहाटे दूध घालणारा, पेपर टाकणारा पोरगा, खांद्यावर सिलिंडर घेऊन येणारा गडी, घंटागाडीवरच्या बायका, धुण्याभांड्याच्या मावशी. ही सगळी माणसं पायी किंवा सायकलवर असतात, अंधारात येतात, हातात काहीतरी ओझं असतं आणि घाईत असतात. कुत्र्याला संशय यावा असं सगळं त्यांच्याकडे असतं, आणि कुत्र्यापासून वाचण्यासाठी लागतं ते काहीच नसतं.

आमच्या मावशी तीन घरची कामं करतात. मध्यंतरी एकदा भांडी घासताना त्यांच्या पिशवीतून शिळ्या चपातीचा तुकडा खाली पडला. मी उचलून द्यायला गेले तर म्हणाल्या, “राहू द्या ताई, तो शेरूचा आहे. रोज आणते. टाकला की तेवढ्यात मी कोपऱ्यापर्यंत पोचते.” दोन वर्षं ही बाई कामावर यायचा रस्ता चपातीचा तुकडा देऊन रोज विकत घेते आहे आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी म्हटलं, “मालकिणीला सांगत का नाही?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या घरचीही भांडी त्याच घासतात.

‘आजवर एकाचीही तक्रार नाही’ असं शेरूचे मालक म्हणतात, त्याचं उत्तर त्या नजरेत होतं. ज्याला त्रास होतो तो बोलू शकत नाही. जो बोलू शकतो त्याला त्रास होत नाही. मी दोन वर्षं बोलले नव्हते, कारण मी आठनंतर बाहेर पडते.

मग तीन आठवड्यांपूर्वी पेपरवाल्या पोराला शेरू चावला. अकरावीत आहे तो, कॉलेजच्या आधी दोन तास लाइन टाकतो. शेरू मागे लागला म्हणून त्यानं पायडल जोरात मारलं, आणि धावणाऱ्या वस्तूमागे धावणं हा कुत्र्याचा स्वभावच. पोटरीला दोन दात लागले. सायकल आडवी झाली, पेपर चिखलात गेले. मालक बाहेर आले आणि पहिलं वाक्य बोलले, “नखं लागली असतील.” दुसरं वाक्य, “तू पळाला असशील.” मग खिशातून दोनशे रुपये काढले. मालकीणकाकूंनी घरातून हळद आणली.

या हळदीपाशी मी थांबणार आहे, कारण हळद, चुना, मिरचीची पूड हे आपल्याकडे अजून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि त्यात जीव जाऊ शकतो. कुत्रा चावला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची. किती वेळ? घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं हा फार मोठा वेळ आहे, धरून बघा. आपण दोन मिनिटांत नळ बंद करतो. रेबीजचा विषाणू जखमेतच असतो तोवर साबण त्याला मारू शकतो. एकदा तो नसेत शिरून मेंदूकडे निघाला आणि लक्षणं दिसू लागली की जगातल्या कुठल्याही डॉक्टरच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. म्हणून हळद नाही, चुना नाही, घट्ट पट्टी नाही. धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

मी पोराला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. रक्त आलं होतं, म्हणजे जखम तिसऱ्या वर्गातली. अशा वेळी नुसती लस पुरत नाही. लशीनं शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दिवस लागतात, तोवरचा पहारा म्हणून तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन थेट जखमेत आणि तिच्या भोवती द्यावं लागतं. पोटरीत, उघड्या जखमेत सुई. पोरानं माझा हात धरला होता, आवाज केला नाही. त्याच दिवशी लशीचा पहिला डोस, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. प्रत्येक फेरीला अर्धा दिवस, अर्ध्या दिवसाचं कॉलेज. लस फुकट मिळते, वेळ फुकट मिळत नाही. ‘काही करत नाही’ या वाक्याची ही पावती, आणि ती फाडली गेली सतरा वर्षांच्या पोराच्या नावानं.

“पण त्याला इंजेक्शन दिलेलं आहे!” हे मालकांचं पुढचं वाक्य. मी म्हटलं, पुस्तक दाखवा. पुस्तक आलं. शेवटचा शिक्का दोन वर्षांपूर्वीचा. रेबीजची लस पिल्लाला तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सुरू करतात आणि मग दरवर्षी द्यायची असते. ‘दिलेलं आहे’ हे वाक्य त्यामुळे तारखेशिवाय बोलूच नये. शेरू लॅब्रेडॉर आहे, त्याच्या खाण्यावर महिन्याला जेवढा खर्च होतो त्याच्या मानानं ही लस किरकोळ आहे. पैशांचा प्रश्न नव्हता. कुणी लक्षच दिलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र पाळीव कुत्र्याच्या बाबतीत हातात असते, जी भटक्याच्या बाबतीत बहुधा नसते. चावलेला कुत्रा कोण हे माहीत असतं. त्याला दहा दिवस बांधून, डोळ्यासमोर ठेवता येतं. दहा दिवस तो खात-पीत ठणठणीत राहिला, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं सांगता येतं. याचा अर्थ लस दहा दिवसांनी सुरू करायची असा नाही. लस त्याच दिवशी. पण पोराच्या आईला दहाव्या दिवशी झोप लागावी, एवढं तरी मालकाच्या हातात असतं. मी त्यांना हे समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला फाटक उघडलं. शेरू बाहेर.

त्या दिवशी मी शेजारधर्म बाजूला ठेवला.

कायदा काय म्हणतो ते ऐका. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणानं न घेणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुत्रा चावेपर्यंत वाट बघा, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. काळजी न घेणं हाच गुन्हा. जुन्या भारतीय दंड संहितेतही २८९ क्रमांकानं हे होतं, दंड तेवढा हजाराचा होता. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांत पाळीव कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतो. किती जणांकडे आहे, तुमच्याच इमारतीत विचारून बघा.

तोच कायदा दुसऱ्या बाजूनंही बोलतो आणि तेही मी तितक्याच ठामपणे सांगणार. रागानं कुत्र्याला दगड घालणं, विष घालणं, पाय मोडणं यासाठी कलम ३२५ आहे आणि तिथे शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. आमच्या गल्लीतल्या एकानं ‘औषध घालू का’ असं मला हळूच विचारलं. मी त्याला घराबाहेर काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नाही. फाटक शेरूनं उघडलेलं नाही.

‘मग काय दिवसभर साखळीला बांधून ठेवू?’ असंही मालक विचारतात. नाही. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा सांगतो की नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं ही क्रूरता आहे. म्हणजे मोकाट सोडणं चूक आणि बांधून विसरणं पण चूक. मधला रस्ता एकच. पट्टा घालायचा, पट्ट्याचं दुसरं टोक आपल्या हातात धरायचं आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्याबरोबर चालायचं. कुत्रा पाळणं म्हणतात ते हेच. फाटक उघडून देण्याला पाळणं म्हणत नाहीत.

शेरूकडे बघून मला वाईटच वाटतं. गल्लीतली कुत्री त्याला आपल्यात घेत नाहीत. त्याच्या कानाला दोनदा चावे बसलेत. भटक्या कुत्र्यानं पिल्लू असल्यापासून रस्ता शिकलेला असतो, गाडी कशी टाळायची, कुठल्या हद्दीत जायचं नाही, कुणाच्या हातात दगड आहे. घरच्या गादीवर वाढलेला शेरू यातलं काही शिकलेला नाही आणि त्याला रोज त्याच रस्त्यावर लोटतात. आधी एकदा तो रिक्षाखाली येता येता वाचला. याला स्वातंत्र्य कसं म्हणायचं? ज्याचं त्याच्यावर प्रेम आहे, त्यानं त्याच्यापाठोपाठ चार पावलं टाकली असती.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांवरून देशभर वाद पेटला. सर्वोच्च न्यायालयानं ११ तारखेला सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितली, मग २२ तारखेला आदेश बदलून नसबंदी आणि लसीकरण करून जिथली तिथे सोडा म्हटलं, पिसाळलेली आणि आक्रमक वगळून. घराघरांत भांडणं झाली. आमच्या गल्लीत सर्वांत मोठ्या आवाजात ‘या भटक्यांचा बंदोबस्त करा’ कोण म्हणत होतं? शेरूचे मालक. शेरूची नसबंदी केलेली नाही. गल्लीच्या टोकाला वाळूच्या ढिगावर एका भटक्या कुत्रीची चार पिल्लं आहेत. त्यातली दोन पिवळट सोनेरी आहेत, लांब कानांची. बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हे ठीक आहे, पण इथे कार्टंही आपल्याच बाळ्याचं आहे.

हे सुधारता येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी गोव्याकडे बघावं. तिथेही घरची कुत्री मोकळी हिंडायची जुनी सवय आहे. तरी वर्षामागून वर्ष वाडा-वाडा, घर-घर फिरून सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचली गेली. घरचा असो वा रस्त्यावरचा, सुई दोघांना. शाळांतून मुलांना शिकवलं. २०१८ नंतर ओळीनं काही वर्षं रेबीजनं एकही माणूस दगावल्याची नोंद झाली नाही, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. जगात रेबीजनं मरणाऱ्या माणसांतली एक तृतीयांशाहून जास्त माणसं भारतातली असतात. त्याच भारतात हे घडलं.

मी काय केलं तेही सांगते. तुम्हाला करायचं असेल तर करा. आधी एकटी जाऊन बोलले होते, ते वाया गेलं. मग तारीख-वेळ टाकून सात दिवस मोबाइलवर फोटो काढले, उघडं फाटक आणि बाहेरचा शेरू. पोराचा दवाखान्याचा कागद जोडला. अर्ज लिहिला, त्यात कलमाचा क्रमांक घातला. गल्लीत सह्या मागितल्या. मावशींकडे सही मागितली नाही, त्यांच्या कामावर गदा नको; आम्ही नऊ घरांनी केल्या, एवढं आमचं देणं होतं. तो अर्ज पोलीस चौकीत देण्याआधी मालकांच्या हातात दिला आणि म्हटलं, “काका, सोमवारपर्यंत थांबते.”

ते चिडले. काकू माझ्याशी बोलत नाहीत, संक्रांतीला बोलावणार नाहीत हेही कळलंय. पण रविवारी पहाटे फाटक उघडलं तेव्हा आधी पट्टा दिसला, मग शेरू आणि मागून लेंगा सावरत काका. शेरू त्यांना ओढत होता. काकांना त्याच्या वेगानं चालता येत नव्हतं. नंतर पुस्तकावर नवा शिक्काही बसला.

पोराचा शेवटचा डोस येत्या गुरुवारी आहे. तो पुन्हा लाइन टाकायला लागलाय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरतो, शेरूच्या घरापर्यंत पायी येतो, पलीकडच्या कडेनं पुढे जातो आणि मगच पुन्हा सायकलवर बसतो. त्या घरचा पेपर तो माझ्या कट्ट्यावर ठेवतो. मी नेऊन देते.