डिझेल उडत नाही

‘येरवड्यात राहतो’ म्हटले की समोरचा पुणेकर आधी हसतो आणि मग विचारतो, “आत की बाहेर?” हा विनोद इतका जुना आहे की त्याला एव्हाना हेरिटेज दर्जा मिळायला हवा होता. आम्ही बाहेर राहतो. 1871 साली बांधलेले मध्यवर्ती कारागृह आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. राज्यातल्या भक्कम भिंतींपैकी एक भिंत शेजारी उभी असताना आमच्या सोसायटीच्या जनरेटरमधले डिझेल मात्र चोरीला जात होते. चोरीचा आणि भिंतीच्या उंचीचा काही संबंध नसतो, हे येरवडेकराइतके कुणाला कळणार?

आता सोसायटीला जनरेटर कशाला, असे ज्याला वाटते त्याने गुरुवारी आमच्याकडे यावे. पुण्यात गुरुवार हा दत्ताचा, उपासाचा आणि महावितरणचा वार. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी त्याच दिवशी, म्हणून देखभाल-दुरुस्तीही त्याच दिवशी. पाणीपुरवठ्याच्या दुरुस्त्यांनाही तोच वार आवडतो. लाइट नाही, पाणी नाही आणि साबुदाणा भिजलेला नाही, अशा वेळी आठव्या मजल्यावरच्या आजोबांना लिफ्ट हवी असते. तेव्हा जनरेटर हा आमचा कुळाचार आहे.

तसा डिझेलचा धूर पुण्याला नवा नाही. 2006 साली राज्यभर भारनियमन चालू असताना शहराने एक तोडगा काढला. कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवायचे, त्यांच्या वाट्याची वाचलेली वीज शहराला द्यायची आणि त्याचा जादा भार महिन्याला 300 युनिटच्या वर वीज वापरणाऱ्यांनी सोसायचा. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते गाजले. बाकीचा महाराष्ट्र घामाघूम होत असताना पुण्याचे पंखे कुणाच्या तरी डिझेलवर फिरत होते. त्या दिवसांपासून वीज जाणे ही गैरसोय नसून आपला व्यक्तिगत अपमान आहे, असे पुणेकर मानत आला आहे.

मी सोसायटीचा खजिनदार. हे पद मागून मिळत नाही. वार्षिक सभा ऐन रंगात असताना जो फोन घ्यायला बाहेर जातो, त्याला ते एकमताने मिळते. पद मिळाल्यावर मी पहिला हिशेब मांडला तो डिझेलचा. एक लिटर डिझेल जाळले की जनरेटरमधून साधारण तीन ते साडेतीन युनिट वीज निघते. लिटरला नव्वद रुपये धरले तरी एक युनिट पडले पंचवीस-तीस रुपयांना, तेही ऑइल, फिल्टर आणि सर्व्हिसिंगवाल्याचा चहा न धरता. शिवाय यंत्र आपल्या कुवतीच्या मानाने फारच कमी भारावर चालवले, तर डिझेल नीट जळत नाही आणि आत काजळी धरते. म्हणजे जिन्यातले चार दिवे लावायला सव्वाशे केव्हीएचा जनरेटर सुरू करणे हे पैशाच्या दृष्टीनेही वाईट आणि जनरेटरच्या फुप्फुसांच्या दृष्टीनेही. हे सगळे मी सभेत सांगितले. सभेने शांतपणे ऐकून घेतले आणि ठराव केला की डिझेल स्वस्तात आणावे.

स्वस्तात कसे आणायचे यावर मात्र कुणाचेच एकमत नव्हते, आणि मते प्रत्येकाकडे दोन-दोन होती.

‘घाऊक घ्या’ असे पहिले मत. घाऊक म्हणजे स्वस्त हे आपल्याला मंडईने शिकवले आहे. तेल कंपन्या मंडईत शिकलेल्या नाहीत. मार्च 2022 मध्ये घाऊक ग्राहकांसाठी डिझेल लिटरला सुमारे पंचवीस रुपयांनी महागले आणि पंपावरचे तेव्हा होते तिथेच राहिले. त्या दिवसांत मोठमोठे ग्राहक घाऊकचा मार्ग सोडून साध्या पंपावर वळू लागले होते.

‘निवडणुकीच्या तोंडावर भरा’ हे दुसरे मत, आणि तसा त्याला इतिहासाचा आधार आहे. 2014 च्या ऑक्टोबरात डिझेलचे दर सरकारने बाजारावर सोडले. जून 2017 पासून ते रोज बदलू लागले. पण नोव्हेंबर 2021 च्या पहिल्या आठवड्यापासून 22 मार्च 2022 पर्यंत, म्हणजे पाच राज्यांच्या निवडणुका होऊन जाईपर्यंत, या रोज बदलणाऱ्या दराला बदलायची आठवणच राहिली नाही. मात्र निवडणूक आयोगाचे वेळापत्रक बघून जनरेटर चालवायचा, तर गुरुवारचे काय करणार?

‘पहाटे भरा, थंडाव्याने डिझेल आकसलेले असते, जास्त येते’ हे तिसरे मत प्रभातफेरीवाल्या मंडळींचे. डिझेल उष्णतेने फुगते हे खरे. दहा अंशांच्या फरकाने दोनशे लिटरमागे दीड-एक लिटर. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते. तिला पहाट आणि दुपार यांतला फरक फारसा कळत नाही.

चौथे मत होते साठा करण्याचे. याला मात्र कायद्याची चौकट आहे. डिझेल हे ‘ब’ वर्गातले पेट्रोलियम. 2,500 लिटरपर्यंतचा साठा परवान्याशिवाय ठेवता येतो, पण एकही पिंप 1,000 लिटरपेक्षा मोठे चालत नाही. हे कळल्यावर एक सभासद पार्किंगमधल्या स्वतःच्या जागेत पिंपे ठेवायला तयार झाले, रीतसर भाड्याने. त्यांना सांगावे लागले की डिझेल शिळे होते. टाकी अर्धी रिकामी राहिली तर आतल्या हवेतली वाफ थंड होऊन तळाशी पाणी साचते, पाण्यात सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा गाळ फिल्टरमध्ये अडकतो आणि ऐन गुरुवारी यंत्र खोकून बंद पडते. म्हणून टाकी भरलेली ठेवावी, असे मेकॅनिक सांगतो. टाकी भरलेली ठेवू नये, असे चोरीचा अनुभव असलेले सांगतात. पाणी शिरू द्यायचे की चोर, एवढाच पर्याय खजिनदाराच्या हातात उरतो.

या पेचावर मी माझ्या इंग्लंडातल्या मावसबहिणीचा सल्ला घेतला. ती तिथल्या एका खेड्यात राहते. गॅसची पाइपलाइन नाही, म्हणून सगळे घर तेलावर तापते आणि अंगणात तेलाची टाकी असते. हे तेल म्हणजे चक्क आपले रॉकेल! रेशनच्या दुकानापुढे डबे घेऊन ज्या निळ्या रॉकेलसाठी आपण उभे राहिलो, त्यावर विलायतेत बंगले ऊबदार होतात. उत्तर आयर्लंडात तर निम्म्याहून अधिक घरे. आपल्याकडे स्टोव्ह माळ्यावर गेला, पण तिकडे तिचा दर हिवाळ्यातला पहिला प्रश्न ‘तेल किती उरलंय?’ हाच असतो.

“दादा, थंडीत कधी घेऊ नकोस,” ती म्हणाली. “आम्ही उन्हाळ्यात घेतो, आणि सगळं गाव मिळून एकदम मागवतो. टँकरची एकच खेप झाली की भाव पडतो. एकट्याला पाचशे लिटरच्या खाली कुणी दारात येत नाही.”

“आणि चोर?”

“येतात ना. टाकीला भोक पाडून नेतात. पोलीस म्हणतात, टाकीभोवती काटेरी झुडपं लावा आणि वाटेवर खडी टाका, म्हणजे पाऊल वाजतं.”

आमच्या बागकाम उपसमितीला बऱ्याच वर्षांनी काम मिळाले. जनरेटरभोवती बोगनवेल आणि करवंद लावून झाले. पहिल्याच पावसाळ्यात कुंपण असे फोफावले की चोराचे माहीत नाही, पण सर्व्हिसिंगवाला सदरा फाडून परत गेला. खडीवर पोरांनी घसरून गुडघे फोडले आणि ती रातोरात नाहीशी झाली. कॅमेराही बसवला. तो उत्तम होता, फक्त विजेवर चालायचा. लाइट गेली की तो डोळे मिटायचा आणि जनरेटर सुरू झाल्यावर उघडायचा. मधल्या अंधाराचे चित्रण अर्थातच नाही. बाकीच्या वेळात त्याने एका मांजरीचे संपूर्ण चरित्र टिपून ठेवले आहे.

डिझेल मात्र कमी पडतच राहिले. दोनशे लिटर भरावे तर पंधरा-एक लिटरचा हिशेब लागेना. आमच्या वॉचमनमामांचे म्हणणे, “साहेब, उन्हानं उडत असंल.” पेट्रोल उडते हे खरे. डिझेलची वाफ इतक्या सहजी होत नाही. डिझेल उडत नाही, ते चालत जाते. आणि चालायला त्याला कुणाचे तरी पाय लागतात.

पाय कुणाचे, हे सभेने क्षणात ठरवले. सोसायटीत संशय नेहमी पगाराच्या चढत्या क्रमाने जातो. आधी सफाईवाल्या मावशी, मग वॉचमन, मग ड्रायव्हर. तो कमिटीपर्यंत पोचायच्या आत सभेची वेळ संपते. मामांना बदला, असा ठराव जवळजवळ झालाच होता. मी एवढेच म्हटले, की आधी मोजून तर बघू.

मोजायला एक धातूची पट्टी पुरली. टाकी चौकोनी, त्यामुळे एका सेंटिमीटरला किती लिटर, हे आमच्याकडच्या सातवीतल्या मुलीने काढून दिले. जनरेटर किती तास चालला हे अवरमीटर सांगतो. त्या मीटरला नातेवाईक नसतात. मामांनी रोज सकाळ-संध्याकाळ पट्टी घालायची आणि वहीत आकडा लिहायचा. वीज कधी गेली, कधी आली, हेही लिहायचे. वही भरत गेली तसे दिसू लागले की जेवढे तास यंत्र चालले तेवढेच डिझेल कमी होत होते. रात्रीतून एक थेंबही जात नव्हता. टाकीतून चोरी होतच नव्हती.

मग पट्टी भरण्याआधी आणि भरल्यानंतर घालून पाहिली. बिल 200 लिटरचे. टाकीत आले 186.

आमचा पुरवठादार ओळखीचा होता. पंपापेक्षा लिटरला दोन रुपये स्वस्त द्यायचा, बॅरल टेम्पोतून घरपोच. अठ्ठ्याऐंशी रुपयांनी दोनशे लिटरचे झाले 17,600. ते 186 लिटरवर वाटले तर दर पडतो साडेचौऱ्याण्णवच्या वर. पंपावरच्या नव्वदच्या जागी आम्ही ‘स्वस्त’ म्हणून साडेचार रुपये लिटरमागे जास्त मोजत होतो. ही चोरी रात्री नव्हे, सकाळी अकराला, कॅमेऱ्यासमोर, चलनावर कमिटीच्या सहीनिशी होत होती. शिवाय प्रत्येक वेळी त्या माणसाला आम्ही चहा पाजत होतो, तोही दोन बिस्किटांसह.

पुरवठादार बदलला. मीटर लावलेल्या गाडीतून डिझेल दारात येण्याची सोय पुण्याला नवलाची नाही. इंडियन ऑइलने अशा घरपोच डिझेलची सुरुवात 2018 च्या मार्चमध्ये पुण्यातूनच केली होती. आता शेजारच्या दोन सोसायट्या आणि आम्ही एकाच दिवशी गाडी मागवतो, मावसबहिणीच्या गावासारखी. सूट कुठलीच नाही, दर पंपाचाच. पण 200 म्हणजे 200. लिफ्टच्या शेजारी एक फळा टांगला आहे. त्यावर रोज टाकीतला आकडा लिहिला जातो आणि लोक तो शेअर बाजाराच्या निर्देशांकाइतक्या गांभीर्याने वाचतात. मामांची नोकरी शाबूत आहे. करवंदांना यंदा फळे आली, ती मात्र चोरीला गेली.

तुमच्याही सोसायटीत जनरेटर असेल, तर टाकीला कुलूप जरूर घाला, पण त्याआधी पट्टी घाला. डिझेल येताना मोजा, जळताना मोजा, उरलेले मोजा आणि आकडा सगळ्यांना दिसेल असा लिहा. कुणी बाजारभावापेक्षा स्वस्त देतो म्हणाला, तर दर नंतर विचारा, माप आधी विचारा. आणि वॉचमनवर संशय घ्यायची घाई झालीच, तर आपणच सही केलेले चलन एकदा काढून वाचा.