सिनात्राच्या वरचा खिळा

सॅलच्या दुकानात काय घ्यायचं हे गिऱ्हाईक ठरवत नसे. आपण अर्धा पौंड प्रोव्होलोने चीज मागावं, सॅलने आपल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळावं, "जेवायला किती माणसं?" म्हणून विचारावं, "दोन" म्हटल्यावर "म्हणजे चार" असं पुटपुटत पाऊण पौंड कापावं आणि वर म्हणावं, "ब्रेड? नाही, तो नाही, हा घे." पुण्याचा दुकानदार असलेला माल नाही म्हणतो, अशी त्याची कीर्ती आहे. सॅल न मागितलेला माल हातात ठेवायचा. पायरी उतरताना गिऱ्हाइकाचा चेहरा दोन्हीकडे सारखाच.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आर्थर अ‍ॅव्हेन्यू नावाचा इटालियन रस्ता आहे. 1980 नंतरच्या काही वर्षांत मी जवळच शिकत होतो. तेव्हा त्या रस्त्यावर असे पाचसहा तरी सॅल होते. कुणाचं नाव टोनी, कुणाचं जो, कुणाचं फ्रँक. सगळे साठी ओलांडलेले, सगळ्यांच्या कानामागे पेन्सिल आणि सगळे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात जाऊन आलेले. त्यांतल्या तिघाचौघांचा मिळून मी इथे एक सॅल केला आहे. त्यांना हे खपलं नसतं. शेजारचा दुकानदार आपल्यासारखाच आहे, हे त्यांच्यापैकी एकालाही मान्य नव्हतं.

दुकान अरुंद आणि खोल. छताला दोरीने बांधलेलं प्रोव्होलोने, काही मुठीएवढं, काही शाळेत जायला लागलेल्या पोराच्या उंचीचं. ऑलिव्हची पिंपं. ख्रिसमस जवळ आला की मीठ लावून वाळवलेला कॉड मासा यायचा, काउंटरवर आपटला तर खण्ण वाजेल असा. तो दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवायचा असतो. सॅल कुणाचा पत्ता विचारत नसे, पण पाणी किती वेळा बदललं हे कळल्याशिवाय पुढची वस्तू देत नसे. हिशेब खाकी पिशवीवर, पेन्सिलीने. बेरीज एकदा वरून खाली, मग खालून वर. दोन्ही जुळल्या की चेहऱ्यावर किंचित निराशा.

सॅलच्या बापाची हातगाडी होती. डिसेंबर 1935 मध्ये महापौर फिओरेल्लो लाग्वार्डिया पहाटेच ब्राँक्स टर्मिनल मार्केटात हजर झाले, बिगूल वाजवायला लावले आणि शहरात छोट्या आर्टिचोकच्या विक्रीला बंदी जाहीर केली. त्या भाजीच्या धंद्यावर गुंडांची मक्तेदारी होती, ती मोडायची होती. बंदी काही दिवसांतच उठली. पण सॅलच्या बापाच्या गाडीवर त्या दिवशी नेमके आर्टिचोकच होते, आणि घरात आठवडाभर दोन्ही वेळेला तीच भाजी. पुढे 1940 मध्ये याच महापौरांनी आर्थर अ‍ॅव्हेन्यूवरच्या हातगाडीवाल्यांना छपराखालचा बाजार बांधून दिला, तेव्हा बापाने त्यांना माफ केलं. सॅलने नाही. आर्टिचोक तो विकायचा, खायचा नाही.

मग युद्ध आलं. अमेरिकेत राहणाऱ्या, पण नागरिकत्व न घेतलेल्या सुमारे 6 लाख इटालियनांना सरकारने शत्रुदेशाचे नागरिक ठरवलं. सॅलची आई त्यांतली एक. नागरिकत्वासाठी इंग्रजी लागायचं आणि ब्राँक्समध्ये पोरं वाढवताना बाईला इंग्रजीची गरज कधी पडलीच नव्हती. सुईण, पाद्री, उधारीवाला, सगळे तिच्याच मुलखातले. तिला बोटांचे ठसे द्यावे लागले, फोटोचं पुस्तक जवळ बाळगावं लागलं, शॉर्टवेव्ह रेडिओ जमा करावा लागला. त्याच सुमाराला मुलाला लष्कराचं बोलावणं आलं. "एकाच पोस्टमनने दोन्ही पत्रं आणली," सॅल सांगायचा. "एकात, तुमचा मुलगा आम्हाला हवा. दुसऱ्यात, तुमच्यावर आमची नजर आहे." 12 ऑक्टोबर 1942 ला, कोलंबस दिनी, अ‍ॅटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल यांनी कार्नेगी हॉलमधल्या भाषणात हा शिक्का काढल्याचं सांगितलं. देशाने आपल्याला शत्रूंच्या यादीतून वगळल्याची बातमी ऐकून आई म्हणाली, "मग रेडिओ?"

लष्कराने सॅलला पाठवलं 36व्या डिव्हिजनमध्ये. ही मूळची टेक्सासची. गोमांस आणि घेवड्यावर वाढलेल्या त्या धिप्पाड पोरांमध्ये हा लसूण शोधत फिरणारा ब्राँक्सचा बुटका. 9 सप्टेंबर 1943 ला ही डिव्हिजन इटलीत, सालेर्नोच्या किनाऱ्यावर उतरली. आईचं गाव तिथून डोंगरापलीकडे. शाळेत ज्या बोलीबद्दल मास्तरणीने हातावर छडी मारली होती, तिच्यासाठी आता कॅप्टन त्याला जीपमध्ये पुढे बसवू लागला. दुभाषा म्हणून सॅलची कामगिरी मात्र वादग्रस्त असावी. कॅप्टनने विचारायचं, जर्मन किती होते, कुठल्या दिशेने गेले. सॅलने म्हातारीशी वीस मिनिटं बोलायचं आणि मग सांगायचं, "उत्तरेकडे गेले. आणि अंडी आहेत. बारा अंड्यांना ती सिगारेटची दोन पाकिटं मागतेय, मी एकावर आणलंय."

त्याच्या युद्धकथा सगळ्या अशाच, वजनमापाच्या. सैन्याच्या डबाबंद मांसात मीठ किती होतं. सालेर्नोच्या टोमॅटोची साल किती पातळ. एका शेतकऱ्याने भिंतीत चिणून ठेवलेलं चीज जर्मनांना कसं सापडलं नाही आणि सॅलला वासावरून कसं सापडलं. ऐकणाऱ्याला वाटावं, दोस्त राष्ट्रांनी इटलीवर स्वारी केली ती किराणा भरायलाच. फक्त रापिदो नदीची गोष्ट तो सांगत नसे. जानेवारी 1944 मध्ये ही गार, वेगाची नदी ओलांडताना त्याच्या डिव्हिजनची दोन दिवसांत सुमारे 1,700 माणसं गेली, मेलेली, जखमी आणि बेपत्ता धरून. ते मी पुस्तकात वाचलं. त्याला विचारलं तर तो कापायच्या यंत्राचं पातं पुसत म्हणाला, "पातळ कापू की जाड?"

परत आल्यावर बेकार सैनिकांना वर्षभर आठवड्याला 20 डॉलर मिळत. आईने तीन आठवडे ते पाहिलं आणि सांगितलं, फुकटच्या पैशाची भाकरी पचत नाही. मग 1944 च्या कायद्याने सैनिकांच्या कर्जाला सरकारची हमी मिळत होती, त्या जोरावर दुकान झालं. सरकारने ज्या बाईचा रेडिओ नेला, तिच्या मुलाच्या कर्जाला तेच सरकार जामीन. सॅलला यात विसंगती दिसत नसे. "गिऱ्हाईक एकदा उधारी बुडवतं, एकदा आगाऊ पैसे देतं. वही एकच."

त्याचं दुसरं युद्ध सुपरमार्केटशी. 1930 मध्ये किंग कलेनने क्वीन्समध्ये आपलं पहिलं अवाढव्य दुकान उघडलं, तेव्हापासूनच शत्रू नदीपलीकडे येऊन बसला आहे, अशी त्याची मांडणी होती. गिऱ्हाइकाने स्वतः हाताने माल उचलायचा ही कल्पनाच त्याला असभ्य वाटायची. त्यात 1967 पासून डुकरांच्या रोगाच्या भीतीने इटलीहून प्रोशुटो, म्हणजे मीठ लावून सुकवलेली डुकराची मांडी, आणायला अमेरिकेने बंदी घातली होती. पार्माचं खरं प्रोशुटो गिऱ्हाइकांनी मागावं आणि सॅलने देशी माल पुढे करावा, अशी वर्षं चालली होती. "हे पार्माचं का?" असं कुणी विचारलं, की सॅल छताकडे बघायचा. खोटं बोलायचा नाही. खरंही बोलायचा नाही. 1989 मध्ये बंदी उठली, तोवर मी ब्राँक्स सोडलं होतं.

काउंटरमागची भिंत हे त्या दुकानाचं सर्वोच्च न्यायालय. मधोमध पोप, पण ते निकालापलीकडचे. त्यांच्याखाली पहिल्या खिळ्यावर जॉन बॅसिलोन, न्यू जर्सीच्या रॅरिटनचा मरीन. ग्वादलकनालच्या लढाईत मशीनगन चालवून त्याने मेडल ऑफ ऑनर मिळवलं, घरी सत्कार घेत बसला असता तर चाललं असतं, पण पुन्हा लढायला गेला आणि फेब्रुवारी 1945 मध्ये इवो जिमावर पहिल्याच दिवशी पडला. दुसऱ्या खिळ्यावर योगी बेरा, यांकी या बेसबॉल संघाचा कॅचर. तो नॉर्मंडीच्या स्वारीत रॉकेट डागणाऱ्या छोट्या बोटीवर होता. तिसऱ्यावर जो डिमॅजिओ, तोही बेसबॉलपटू. याच्याबद्दल न्यायाधीश द्विधा मनःस्थितीत. "भरती झाला, हे खरं. पण लष्करात जाऊन काय केलं? बेसबॉल! तो मी सुद्धा खेळलो असतो." मग थोडा विचार करून, "पण त्याच्या बापाला सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर मासे धरायला जाऊ देत नव्हते. माझ्या आईसारखंच." म्हणून तिसरा खिळा, चौथा नाही.

सगळ्यांत खाली, मिठाच्या पोत्यांच्या उंचीवर, गायक फ्रँक सिनात्रा. कानाचा पडदा फाटलेला म्हणून 1943 मध्ये लष्कराने त्याला अपात्र ठरवलं. दिवसभर दुकानात त्याचीच गाणी लागत, सॅल सोबत गुणगुणेही. पण फोटो वर सरकला नाही. "एका कानाने ऐकू येत नाही म्हणे! माझ्या प्लाटूनमध्ये सार्जंटचं कुणालाच ऐकू येत नव्हतं."

मुलगा दाताचा डॉक्टर, मुलगी वकील. दोघांनाही दुकान नको होतं, आणि सॅललाही ते दोघं दुकानात नको होते. मुलगा रविवारी मदतीला आला की तो अर्धा पौंड मागितल्यावर अर्धाच पौंड द्यायचा.

मी भारतातला, हे त्याला बऱ्याच दिवसांनी कळलं. तोवर तो मला सिसिलीच्या आतल्या भागातला, थोडा अबोल मुलगा समजत होता. कळल्यावर त्याने चक्क यंत्र बंद केलं. युद्धात इटलीतल्या कॅसिनोच्या डोंगरावर अमेरिकनांच्या जागी चौथी भारतीय डिव्हिजन आली होती, ती त्याने पाहिली होती. म्हणजे तिचा शिधा पाहिला होता. "पीठ! डाळ! तूप! आणि चालत येणारे बोकड! साऱ्या इटलीत डोक्याने जेवणारं सैन्य तेवढं एकच. आम्ही डबे उघडत बसलो होतो." त्यांच्यात मराठे होते का, म्हणून मी विचारलं. ते त्याला माहीत नव्हतं.

मग मी त्याला नामदेव जाधवांची गोष्ट सांगितली. अहमदनगर जिल्ह्यातला शिपाई, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा. 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी. ही नदी सॅलला ठाऊक नव्हती, त्याची डिव्हिजन तोवर फ्रान्समध्ये गेली होती. जाधवांनी गोळीबारात दोन जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून, उंच बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं, मग परत जाऊन एकट्याने तीन मशीनगन ठाणी गप्प केली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि माणूस जिवंत घरी आला.

सॅलने पेन्सिल कानामागून काढली, पुन्हा लावली.

"पाणी किती खोल?"

"खोल होतं एवढंच माहीत आहे."

"आणि ते दोघं जखमी, वजनाने किती असतील?"

मी म्हटलं, आमच्याकडचे शिपाई, असतील साठेक किलो. त्याने मनातल्या मनात पौंड केले. "भिजलेले कपडे धरून दीडशे. बूट वेगळे." रांगेतल्या दोन बायका खोळंबल्या होत्या, एकीने घसा खाकरला. त्याने तिच्याकडे लक्षच दिलं नाही. "दोन फेऱ्या. आणि कुणी सांगितलेलं नाही."

"नाही."

"फोटो आहे?"

"मिळेल. सिनात्राच्या वर लावणार?"

"सिनात्राच्या वर तर सगळेच आहेत," सॅल म्हणाला आणि भिंतीकडे वळून बोटाने जागा मापू लागला. बोट डिमॅजिओवर जरा थबकलं आणि वर सरकलं. "फ्रेम करून आण. मी फ्रेमा विकत नाही."