वेलांटीची फिर्याद

नाशिककर हा मुळात सोशिक प्राणी आहे. पावसाळ्यात गोदावरी पात्र सोडून वर आली, तर तो छत्री घेऊन पुलावर उभा राहतो आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यांना लागले की कमरेला, एवढीच काय ती विचारपूस करून घरी जेवावयास जातो. सिंहस्थाच्या पर्वणीला स्वतःच्याच गावात स्वतःच्याच घरी पोहोचण्यासाठी चौकाचौकांत कैफियत द्यावी लागते, तीही तो विनातक्रार देतो. परंतु या समाधिस्थ वृत्तीच्या मनुष्यास रविवार कारंज्यावरील एखाद्या फलकावर 'हार्दीक शुभेच्छा' अशी अक्षरे दिसली, म्हणजे त्याच्या अंगातील सारे सात्त्विक रक्त मस्तकाकडे धाव घेते, आणि शुभेच्छा देणारा पुढारी, ज्याला दिल्या तो पुढारी व खाली दाटीवाटीने उभे असलेले सर्व शुभेच्छुक, या सर्वांचा त्या एका वेलांटीपायी मनोमन निकाल लागतो.

सर्वच नाशिककरांचे असे होते हा माझा दावा नाही. आमच्या मास्तरांचे मात्र होते. मास्तर म्हणजे पंचवटीत राहणारे, 1944 सालचा जन्म असलेले, मराठीचे सेवानिवृत्त शिक्षक. सदऱ्याच्या खिशात तांबड्या शाईचे पेन, आणि ते केवळ शोभेसाठी नव्हे. लग्नाची निमंत्रणपत्रिका त्यांच्या हाती दिली, की वधूवरांची नावे वाचण्यापूर्वी 'आशिर्वाद' सापडतो, 'शि'भोवती वर्तुळ पडते, आणि वधूपित्यास उभ्याउभ्या समज मिळते. साठी पूर्ण केलेल्या एका व्यापाऱ्याच्या सत्कारपत्रिकेत 'षष्ट्यब्दी'तल्या 'ट'च्या जागी 'ठ' पडला होता, तेव्हा मास्तरांनी त्या गृहस्थाच्या घरी जाऊन, 'षष्टी' म्हणजे साठ आणि 'षष्ठी' म्हणजे सहावी, सबब या पत्रिकेप्रमाणे आपण नुकतेच सहा वर्षांचे झालेले आहात, असे त्याला त्याच्या नातवंडांदेखत सांगितले. नातवंडांना तो ठराव फार पसंत पडला.

या क्षेत्रात केवळ हानीच होते असे मात्र नाही, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. 'उज्ज्वल' यशातला एक 'ज' लोक काढून घेतात खरे, पण तो वाया जाऊ देत नाहीत. दीपप्रज्वलनाच्या वेळी 'प्रज्ज्वलन' लिहून त्याची तेथे भर घालतात. 'महत्त्व' या शब्दातला एक 'त' गहाळ होतो, तोच पुढे 'सहस्र'मध्ये रुजू होऊन 'सहस्त्रचंद्रदर्शन' घडवितो. सालअखेरीस वह्या तपासल्या तर महाराष्ट्राची एकूण शिल्लक बिनचूक निघेल; चुकली असेल ती खतावणी. मास्तरांना हा हिशेब मी ऐकविला होता. त्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

फलकांचे पीक अलीकडे अधिक जोमाने येऊ लागले, याला सरकारचीही थोडी फूस आहे. 2022 साली दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि लहानमोठ्या प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत हवी, तीतील मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असता कामा नयेत, असे फर्मान निघाले. अक्षर किती उंच असावे याची कायद्याने काळजी वाहिली. वेलांटी कोणत्या अंगाने वळावी याविषयी तो मौन पाळून आहे. त्यामुळे चुका पूर्वीच्याच राहिल्या, फक्त त्या रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येऊ लागल्या. 27 फेब्रुवारीस, म्हणजे बहुतेक हयात नाशकात घालविलेल्या कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, एखाद्या चौकात 'मराठी भाषा गौरव दीन' असा फलक झळकतो, तेव्हा तो चुकीचा म्हणावा की वस्तुस्थितीदर्शक, असा पेच पडतो.

त्यात या नव्या कळफलकांनी 'ऱ्य'ची अवघी जातच संकटात आणली आहे. एका मंगल कार्यालयाच्या भटारखान्याबाहेर मी स्वतः सूचना वाचली आहे: 'आचार्यांनी भांडी मोजून परत करावीत.' सूचना आचाऱ्यांना उद्देशून होती हे उघड आहे. पण शंकराचार्यांपासून विनोबांपर्यंत सर्व विभूती पातेली मोजीत रांगेत उभ्या आहेत, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे त्या जेवणभर तरळत राहिले. एका सहलीच्या पत्रकात ब्रह्मगिरीच्या 'दर्यांतून' भटकंतीचे आमंत्रण होते. त्र्यंबकास समुद्र आणण्याचे काम भगीरथालाही जमले नसते.

मास्तर एकदा या सर्वाच्या उगमाशीच जाऊन थडकले. मीही बरोबर होतो. फ्लेक्स छापणारा तरुण संगणकावरून मान न उचलता म्हणाला, "मास्तर, तुम्ही म्हणता ते मला कळतं. मागं एकदा 'आशीर्वाद' मीच बरोबर करून छापला. गिऱ्हाईक फ्लेक्स परत घेऊन आलं. आमच्या साहेबांच्या फोटोखाली चुकीचं छापता म्हणून भांडलं. दुसरा काढून द्यावा लागला, पदरच्या पैशानं. आता व्हॉट्सॲपवर येतं तसं उतरवतो. शुद्ध मला परवडत नाही." मास्तरांनी खिशातील पेनावर ठेवलेला हात काढून घेतला. मुलाने चहा मागविला.

परत येताना मास्तर जे बोलले, त्यावरून मला त्यांच्या रागाचे मूळ उमगले. त्यांच्या बालपणी 'नांव', 'कांहीं', 'केलें' हे अनुस्वार दिल्याविना गत्यंतर नव्हते, आणि एखादा विसरला तर हातावर छडी बसे. पुढे साहित्य महामंडळाने केलेले लेखनाचे 14 नियम 1962 साली शासनाने मान्य केले, 1972 मध्ये त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली, आणि उच्चारात नसलेले ते सगळे अनुस्वार एका हुकुमानिशी बडतर्फ झाले. मास्तर तेव्हा नुकतेच नोकरीस लागले होते. जो अनुस्वार न दिल्याबद्दल त्यांनी छडी खाल्ली, तोच अनुस्वार दिल्याबद्दल पोरांचे गुण कापणे त्यांच्या वाट्यास आले. 'कवि' आणि 'गुरु' शब्दाच्या शेवटी दीर्घ झाले. पण 'कविराज' आणि 'गुरुवार' मात्र जुन्याच मुभेवर ऱ्हस्व राहिले. 'आणि' कुणाचेच न ऐकता आहे तसाच राहिला. याच जिल्ह्यातील भगूरचे सुपुत्र सावरकर यांनी तर 'इ-ई'च्या जागी 'अि-अी' लिहावे अशी सूचना केली होती; ती सर्वत्र रुजली असती, तर जेथे आज वेलांटीच नाही अशा 'इमारत' या शब्दावरही तंटा सुरू झाला असता. एवढ्या उलथापालथी पचवून जो मनुष्य नवे नियम मुखोद्गत करतो, त्याला कुणी "कळलं ना, मग झालं" म्हटले, की आपली हयातभराची सेवा दप्तरातून खोडल्यासारखी वाटते.

एका बाबतीत मात्र माझा मास्तरांशी उघड मतभेद आहे. सटाण्याकडला एखादा विद्यार्थी 'माझा' न म्हणता 'मना' म्हणाला, तर ते त्याला थांबवीत असत. तो अहिराणी बोलत होता, चुकत नव्हता. 'पुस्तक मिळालं'ऐवजी 'पुस्तक भेटलं' म्हणणाऱ्यावरही माझा रोष नाही. त्याच्या घरी चार पिढ्या पुस्तके भेटतच आली असतील. मला खुपते ते निराळेच. पुण्यात राहणारा मनुष्य अजून पुण्यातच राहतो, पण नाशकात राहणारा बघता बघता 'नाशिकमध्ये' राहू लागला, आणि येवल्याची पैठणी नेसलेली निवेदिका 'येवलामध्ये' विणकाम पाहून आली. यात वेलांटी बरोबर, उकार बरोबर. तांबड्या शाईने वर्तुळ काढावे तर कोठे?

मास्तरांची ही गत नुकतीच एका बँकेने केली. खात्याविषयी काही शंका होती म्हणून नातवाने त्यांना फोनवरील संदेशयंत्राशी जोडून दिले. पहिला संदेश आला: 'आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात.' दोन्ही 'त' जागच्या जागी पाहून मास्तर सद्गदित झाले, आणि तो संदेश त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखविला. लगोलग दुसरा: 'आम्ही आपली मदत कशी करू शकतो?' मास्तरांचा चेहरा उतरला. मराठी माणूस मला मदत करा म्हणतो, माझी मदत करा असे नव्हे; ही हिंदीची चाल आहे; असे त्यांनी चष्मा लावून, एका बोटाने, पूर्णविरामासह टंकून पाठविले. उत्तर तत्काळ आले: 'आपली तक्रार नोंदविली आहे. आपली मदत करून आम्हाला आनंद झाला. कृपया आमच्या सेवेला 5 पैकी गुण द्या.'

मास्तरांनी तो मजकूर दोनदा तपासला. शुद्धलेखनाची चूक एकही सापडेना. चाळीस वर्षे प्रामाणिकपणे पेपर तपासलेला मनुष्य; त्यांनी दीर्घ सुस्कारा टाकला आणि पाचांपैकी पाच दिले.