मुख्य दगड

माझ्याकडे फिश टँक नाही, अ‍ॅक्वास्केप आहे. हे वाक्य सहज तोंडातून पडावं म्हणून मी ते आरशासमोर म्हणून पाहिलंय. निळी खडी, बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या वगैरेंकडे मी आता शास्त्रीय गाणारे ऑर्केस्ट्राकडे पाहतात तसं पाहतो.

आमचे गुरू ताकाशी अमानो. त्यांना याची कल्पना नव्हती. ते 2015 साली वारले, माझी टाकी त्यानंतरची. आधी सायकल शर्यतपटू, मग छायाचित्रकार आणि मग जपानात पाणवनस्पतींच्या टाकीला कलेचा दर्जा देणारा माणूस. लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी उभं केलेलं पाण्यातलं अरण्य 40 मीटर लांब, 1,60,000 लिटरचं. माझं 60 लिटरचं. किरकोळ फरक सोडला तर दृष्टी एकच.

त्यांच्या ‘इवागुमी’ शैलीत सगळा कारभार दगडांचा. संख्या विषम. सर्वांत मोठा तो ओयाइशी, मुख्य दगड. तो मधोमध ठेवायचा नाही. एका बाजूला, प्रवाहाने रेटल्यासारखा किंचित कललेला ठेवायचा. त्याच्या जोडीला फुकुइशी, मग सोएइशी, आणि शेवटी सुतेइशी. हा बिचारा झाडांखाली गडप होण्यासाठीच असतो. मी ओयाइशी बोटभर डावीकडे सरकवला, मागे जाऊन डोळे बारीक केले, पुन्हा अर्धं बोट उजवीकडे. रात्रीचे बारा वाजले. बायको म्हणाली, “परवा सोफा सरकवायला सांगितला तेव्हा कंबर धरली होती ना तुझी?”

पुढे खत घातलेली माती, टायमरचा दिवा आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. सगळ्या जगाला नकोसा झालेला वायू मी पैसे मोजून घरात आणला. मासे मात्र लगेच सोडायचे नसतात. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू आधी वस्तीला यावे लागतात. त्यात महिना सहज जातो. येणारा-जाणारा विचारायचा, “मासे कुठायत?” मी जिवाणूंकडे बोट दाखवायचो.

दगडांमागे लावलेल्या क्रिप्टोकोरिनची पानं तेवढ्यात विरघळली. या वनस्पतीला जागा बदललेली सोसत नाही. मुळं शाबूत असतात. उपटायची नाहीत, वाट पाहायची. याच कुळातल्या काही जाती कोकणातल्या वहाळांतही उगवतात. बाबाही कोकणातलेच. गावचं घर बंद करून आमच्याकडे आल्यापासून ते जेवणापुरतं बोलत. आम्ही मात्र त्यांना सारखं उपटत होतो : बागेत जा, भजनाला जा, मोबाइल शिका.

टाकीचा दिवा संध्याकाळी लागला की ते खुर्ची ओढून बसू लागले. मला वाटलं, रचना पोचली! ते पाहत होते गोगलगाय. रोपांबरोबर फुकट आलेली. आमच्या पंथात ती दिसताक्षणी चिमट्याने काढायची असते, कारण एकटीच अंडी घालते आणि बघता बघता काचभर होते. मी चिमटा घेऊन आलो तर बाबा म्हणाले, “असू दे रे. काल कडेपर्यंत चढली होती, मग पडली. आज परत निघालीय.” इतकं सलग ते कितीतरी दिवसांनी बोलले होते. चिमटा खणात गेला.

आता क्रिप्टोकोरिनला पानं आलीत, मासेही आलेत आणि गोगलगायी मोजण्यापलीकडे गेल्यात. पाहुणे आले की टाकी दाखवायचं काम बाबांनी परस्पर आपल्याकडे घेतलंय. परवा ते कुणाला तरी सांगत होते, “जरा थांबा, येईल ती बाहेर. मध्ये तो धोंडा येतो ना, म्हणून दिसत नाही.”