उसाची उंची विचारा

घरात वायफाय, गोठा तीनशे मीटरवर, मध्ये ऊस. अशा शेतकऱ्याच्या हातात दुकानदार रिपीटर ठेवतो, ही सरळ फसवणूक आहे. रिपीटर जे ऐकतो तेच पुढे सांगतो. घराच्या कोपऱ्यात त्यालाच धड ऐकू येत नसेल, तर गोठ्यापर्यंत काय पोचणार? त्यातून गोठ्याला लोखंडी पत्रा. तो बाहेरच्या लहरी बाहेरच अडवतो.

गोठ्यात वायफाय ही चैन नाही. जुन्नर-शिरूरकडे उसात बिबट्या असतो. व्यायला झालेल्या गाईकडे रात्री बॅटरी घेऊन बांधावरून जायचं की घरातून कॅमेऱ्यात बघायचं, हा जिवाचा प्रश्न आहे.

एवढ्या अंतराला समोरासमोर रोखलेले दोन अँटेना लागतात. 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग केंद्राने 2018 मध्ये परवानामुक्त केला, त्यामुळे कायद्याची आडकाठी नाही. आडवा येतो तो ऊस. लागणीच्या वेळी बसवलेली जोडणी छान चालते, ऊस बारा फुटांवर गेला की मान टाकते. ओला पाला लहरी शोषून घेतो. शिवाय लहर दोरीसारखी सरळ जात नाही, मध्यावर फुगते. तीनशे मीटरला तिथे नजरेच्या रेषेखाली साधारण सहा फूट मोकळे हवेत. बारा आणि सहा, अठरा फुटांचा खांब. अँटेना विकताना उसाची उंची न विचारणाऱ्याने हा धंदा करू नये. गोठ्यात पत्र्याच्या आत वेगळा राउटर लागतोच, तेही आधी सांगावं.

तांब्याची लॅन केबल ओढू नका. तिची मर्यादा 100 मीटर, आणि वळवाच्या विजा कडाडल्या की तिच्यातून आलेला झटका दोन्हीकडची यंत्रं जाळू शकतो.

माझं मत फायबरच्या बाजूने आहे. काचेतून वीज वाहत नाही (फक्त धातूचं कवच नसलेली केबल मागा), ऊस कितीही वाढो तिला फरक पडत नाही, आणि तीनशे मीटर तिच्यासाठी काहीच नाही. अवघड असते ती खोदाई, आणि पाण्याच्या पाईपलाईनसाठी आपण ती करतोच! त्याच चरात एक रिकामा पाईप, आत ओढायला नायलॉनची दोरी. केबल पुढच्या वर्षी घेतली तरी चालेल. या उन्हाळ्यात ज्यांची पाईपलाईन पडणार आहे, त्यांनी जेसीबीवाल्याला आजच बजावून ठेवावं: मी आल्याशिवाय चर बुजवायचा नाही.