विश्रांतीची मोहीम

विश्रांती घ्यायची तर पहाटे चारला उठणं आलं. नाहीतर सुट्टी चाकणच्या वाहतूककोंडीतच संपते. आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याला पोचलं की जंगलफेरी. देवराईतली वाळकी काडीही उचलायची नाही, हा जुना रिवाज पाहुणे कसोशीने पाळतात. काडी उचलत नाहीत, वेफर्सची रिकामी पुडकीही उचलत नाहीत. राज्यप्राणी शेकरू दिसावा म्हणून स्पीकरवर गाणी लावून त्याची वाट बघतात. तो फिरकत नाही, तेव्हा पैसे वाया गेल्याची हळहळ. वाटेत हिरड्याचं पोतं डोक्यावर घेतलेली आजी भेटते.

"आजी, मजा आहे तुमची! रोजच जंगलात वॉक!"

"मंग या की उद्या. पोतं देते डोक्यावर, पैसं नगं."