उतारवयातील बसप्रवास : प्राथमिक परिचय

शहर बसने नित्य प्रवास करणारा ज्येष्ठ नागरिक नेमका कोणत्या वयाचा, याबाबत सरकारी खात्यांत एकमत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे माणूस ६० व्या वर्षी ज्येष्ठ होतो. एसटीच्या लेखी तो ६५ पर्यंत तरुणच असतो. ६५ ते ७५ या काळात तो अर्धा म्हातारा होतो, म्हणून तिकीटही अर्धे. ७५ पूर्ण झाली की २६ ऑगस्ट २०२२ पासून सुरू झालेल्या अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत तो पूर्ण म्हातारा ठरतो आणि फुकट प्रवास करतो. फुकट म्हणजे बिनतिकीट नव्हे. कंडक्टर शून्य रुपयांचे तिकीट देतो आणि तेही उतरेपर्यंत जपून ठेवावे लागते. रेल्वे पूर्वी पुरुषांना ६० व्या आणि स्त्रियांना ५८ व्या वर्षी म्हातारे मानत असे. मार्च २०२० मध्ये ही सवलत थांबली आणि तेव्हापासून रेल्वेत कोणीही म्हातारे होत नाही.

अमृत योजना शहरांतर्गत बसला लागू नाही. त्यामुळे ७६ वर्षांच्या पुणेकर गृहस्थांना स्वारगेटहून कोल्हापूरला एक पैसा पडत नाही, पण स्वारगेटहून मंडईला जायचे तर खिशात हात घालावा लागतो. या वयात माणसाला दवाखाना, बँक आणि भाजी यांच्यापेक्षा कोल्हापूरची ओढ जास्त असते, असा शासनाचा अंदाज असावा. शहर बसमध्ये ज्येष्ठांसाठी सवलतीचा पास असतो. तो काढायला, अर्थातच, बसने जावे लागते.

पुण्यातली ही सेवा पीएमपीएमएल चालवते. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी यांच्या विलीनीकरणातून ती २००७ मध्ये जन्मली. प्रस्तुत वर्गातील प्रवासी मात्र आजही पीएमटीनेच जातात. विलीनीकरण त्यांच्या कानावर आलेले आहे, पण त्यांनी ते मंजूर केलेले नाही.

हा वर्ग बसवर का अवलंबून असतो, याची कारणे शरीरात कमी आणि कागदपत्रांत जास्त सापडतात. पंचावन्नी ओलांडल्यावर वाहन परवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांसाठी होते आणि दर वेळी डॉक्टरांचा दाखला लागतो. घरातल्या स्कूटरची किल्ली मात्र कोणत्याही दाखल्याविना एके दिवशी नाहीशी होते. ती कुठे ठेवली हे सुनेला माहीत असते, मुलाला माहीत नसल्याचे तो सांगतो. उरते रिक्षा. १ सप्टेंबर २०२२ च्या दराने पुण्यात पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरमागे १७ रुपये पडतात. म्हणजे सहा किलोमीटरवरच्या डॉक्टरांकडे जाऊन यायला दोनशेच्या वर गेले. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना मिळणाऱ्या ईपीएस-९५ पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. ती हाती पडलेला माणूस अशा पाच फेऱ्यांत महिना संपवू शकतो. बसला १ जून २०२५ च्या दरवाढीनंतर पहिल्या पाच किलोमीटरला दहा रुपये आणि दिवसभराच्या पासला सत्तर रुपये लागतात. हिशेब बसच्या बाजूने इतका स्पष्ट आहे की त्याबद्दल कोणीही तक्रार करत नाही, आणि सवलतीच्या सगळ्या योजना नेमक्या याच हिशेबात भर घालतात. ज्या गोष्टींबद्दल तक्रार आहे त्या तिकिटावर छापलेल्या नसतात. त्यांचा विचार आता क्रमाने करू.

पहिली गोष्ट थांबा. शास्त्रीय दृष्ट्या थांबा म्हणजे बस जिथे थांबते ती जागा. व्यवहारात तो बस जिथून दिसत नाही अशी जागा असतो. निवाऱ्याच्या ज्या बाजूने बस येते त्याच बाजूला जाहिरातीचा उभा फलक बसवलेला असतो, कारण येणाऱ्या वाहनांना तो चांगला दिसतो. त्यामुळे सावलीत बसलेल्याला बस दिसत नाही आणि बस पाहणाऱ्याला सावली मिळत नाही. बसायला जाहिरातीइतकी रुंद जागा नसते, स्टीलचा पाइप किंवा उतरता पत्रा असतो. थांब्यावर कोणी झोपू नये हा या रचनेचा हेतू पूर्णपणे सफल झाला आहे. तिथे बसताही येत नाही.

दुसरी गोष्ट पाटी. पूर्वी बसवर रंगवलेली पाटी असे आणि ती हलत नसे. आता दिव्यांची अक्षरे सरकत जातात. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना प्रथम 'मनपा' वाचता येते, मग 'मार्गे' दिसते आणि कुठल्या मार्गे ते येईपर्यंत बस पुढच्या चौकात असते. म्हणून अनुभवी प्रवासी पाटी वाचत नाहीत. ते शेजारच्या कॉलेजकुमाराला विचारतात. तो कानातली बोंडे काढतो, प्रश्न पुन्हा ऐकतो आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये पाहून बस तीन मिनिटांत येत असल्याचे सांगतो. पाच मिनिटांनीही ती तीनच मिनिटांवर असते. उत्तरात सातत्य आहे, असे यावरून म्हणता येते.

थांबण्याच्या काळातला एक प्रश्न पाठ्यपुस्तकांत वगळला जातो, तो लघवीचा. रक्तदाबाच्या अनेक गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात आणि डॉक्टर त्या सकाळी घ्यायला सांगतात. डॉक्टरांची वेळही सकाळचीच असते. बसथांब्यावर स्वच्छतागृह नसते आणि बसमध्ये ते असण्याचा प्रश्नच नाही. यावर प्रवाशांनी परस्पर काढलेला तोडगा म्हणजे ज्या दिवशी डॉक्टरांकडे जायचे त्या दिवशी गोळी घ्यायची नाही आणि पाणीही प्यायचे नाही. मग डॉक्टर रक्तदाब मोजतात, तो वाढलेला निघतो आणि ते गोळी वाढवून देतात. स्त्रियांना हे गणित अधिक कडक लागू होते, कारण त्यांना आडोसाही चालत नाही. शहरातल्या कोणत्या देवळाच्या, दवाखान्याच्या आणि कापडदुकानाच्या मागे काय सोय आहे, याची माहिती सत्तरीच्या बायकांना पाठ असते. ती कोणत्याही नकाशावर नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पायरी. भारतात शहर बस बराच काळ ट्रकच्या सांगाड्यावर बांधली गेली. ट्रकमध्ये माल चढवायचा असतो आणि माल गुडघ्यांबद्दल बोलत नाही. त्यामुळे बसचा तळ जमिनीपासून मीटरभर उंच राहिला आणि तिथवर पोहोचायला तीन उभ्या पायऱ्या आल्या. केंद्राच्या शहरी बस मानकांनी नंतर ४०० मिलिमीटर उंचीच्या तळाची, म्हणजे लो-फ्लोअर, बस आणली. केंद्राच्याच जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या पैशातून अशा गाड्या २००९ नंतर अनेक शहरांत धावू लागल्या. हिशेब सरळ होता. पदपथाची उंची साधारण १५० मिलिमीटर धरली आणि बस पदपथाला खेटून उभी राहिली, तर प्रवाशाला चढायचे उरते जेमतेम वीतभर.

या हिशेबात फक्त रिक्षा धरलेल्या नव्हत्या. थांब्यापुढच्या जागेत तीन रिक्षा, दोन दुचाक्या आणि एक नारळवाला असतो, म्हणून बस दुसऱ्या रांगेत थांबते. प्रवाशाला आधी पदपथावरून रस्त्यावर उतरावे लागते, मग येणाऱ्या दुचाक्या चुकवायच्या आणि मग पूर्ण ४०० मिलिमीटर चढायचे. बस थांबतेही थांब्यावर नव्हे, त्याच्या वीस पावले पुढे. ही वीस पावले धावत जायची असतात. गुडघ्याची वाटी बदललेल्या माणसाला धावताना पाहायचे असेल तर कोणत्याही क्रीडासंकुलात जाण्याची गरज नाही. धावूनही दार बंद झाले तर मागचे लोक "अहो, आजोबांना घ्या की!" असे ओरडतात आणि ड्रायव्हर आरशात पाहून बस हळू करतो, थांबवत नाही. मुंबईत बेस्टने ज्येष्ठांना पुढच्या दाराने चढण्याची मुभा दिली होती. ही सोय खरोखर चांगली होती. पुढचे दार शोधायला मागच्या दारापासून धावावे लागे, एवढाच तिचा तोटा.

लो-फ्लोअर बसमध्ये चढल्यावर एक शोध लागतो. इंजिन आणि चाके कुठेतरी बसवायची असतात, म्हणून बऱ्याच गाड्यांत तळ फक्त पुढच्या अर्ध्या भागात खाली असतो. मागची आसने चौथऱ्यावर असतात आणि बाहेर वाचलेली पायरी आत भेटते.

चौथी गोष्ट आसन. ज्येष्ठांसाठी राखीव आसनांवर तसे स्पष्ट लिहिलेले असते. त्यावर बसलेल्या तरुणाला बस सुरू होताच गाढ झोप लागते आणि त्याचा थांबा आला की जाग येते. त्याला उठवण्याचा अधिकार कंडक्टरला आहे, पण कंडक्टर त्या वेळी सुट्ट्या पैशांच्या वादात असतो. राखीव आसनाचा खरा पेच तरुणांमुळे होत नाही, तो ज्येष्ठांच्या आपसातल्या क्रमवारीमुळे होतो. ६२ वर्षांचे गृहस्थ बसलेले आहेत आणि ७९ वर्षांचे दांडा धरून उभे आहेत. पहिल्यांनी केसांना कलप लावला असल्यास ते ज्येष्ठ असल्याचे सिद्ध होत नाही आणि नसल्यास ते खिडकीबाहेर पाहतात. याच्या उलट, एखादी मुलगी आपणहून उठून "काका, बसा" म्हणते, तेव्हा ज्यांना उद्देशून ती म्हणते ते मागे वळून काका कोण ते पाहतात. वार्धक्याची पहिली लेखी नोटीस पेन्शन खात्याकडून येत असली, तरी तोंडी नोटीस बसमध्येच बजावली जाते. ती मिळाल्यावर "नको, पुढच्याच स्टॉपला उतरायचंय" हे उत्तर देण्याची प्रथा आहे. ते बहुधा खरे नसते आणि पुढचे सात थांबे उभ्याने काढावे लागतात.

पाचवी गोष्ट गती. बस सुरू होताना उभ्या माणसाचे वरचे शरीर आहे तिथेच राहू पाहते आणि पाय बसबरोबर जातात; बस थांबताना पाय थांबतात आणि वरचे शरीर पुढे जाऊ पाहते. हा न्यूटनचा नियम असून त्यात ज्येष्ठांना सवलत नाही. बसमध्ये वृद्धांना होणाऱ्या दुखापतींचा अभ्यास झालेल्या देशांत एक गोष्ट वारंवार दिसली आहे. त्यांतल्या पुष्कळ दुखापती कोणतीही धडक न होता, नुसत्या हिसक्याने होतात. लंडनमध्ये यावर उपाय म्हणून २०१८ च्या जानेवारीत बसमध्ये ध्वनिमुद्रित सूचना लावून पाहिल्या: बस आता निघणार आहे, घट्ट धरा. बस निघाल्यावर ही सूचना ऐकू येऊ लागली आणि प्रवाशांची करमणूक झाली. आपल्याकडे हे काम कंडक्टरची डबल बेल करते आणि ती निदान वेळेवर वाजते. प्रवाशाचा दुसरा पाय पायरीवर असला तरी वाजते. याचा दोष कंडक्टरला देणे सोपे आहे. फेऱ्या वेळेत पुऱ्या झाल्या का, हे त्याच्या वरिष्ठांना मोजता येते. आजी बसल्या का, हे मोजण्याचा रकाना त्यांच्या तक्त्यात नसतो.

सहावी गोष्ट उतरणे. मागच्या दाराने चढायचे आणि पुढच्या दाराने उतरायचे, ही जुनी शिस्त अनेक मार्गांवर टिकून आहे. म्हणजे प्रत्येक प्रवाशाने एका प्रवासात बस आरपार ओलांडली पाहिजे. बस थांबल्यावर उठावे असे डॉक्टर सांगतात. बस थांबल्यावर जो उठतो त्याला पुढचा थांबा पाहायला मिळतो, हे डॉक्टरांना माहीत नसते, कारण ते मोटारीने येतात. म्हणून आधीच्या थांब्यापासूनच उठून, पिशव्या, छत्र्या आणि कॉलेजच्या पाठपिशव्या यांतून वाट काढत दारापाशी उभे राहायचे असते. तिथे "आजोबा, आत व्हा, दारात थांबू नका" असे सांगितले जाते.

काही रस्त्यांवर उतरण्याचा प्रकार आणखी वेगळा आहे. पुण्यात २००६ साली स्वारगेट ते कात्रज जलद बससेवेचा मार्ग सुरू झाला आणि त्यासाठी थांबे रस्त्याच्या मधोमध बांधले गेले. बसला वाट मोकळी मिळावी ही कल्पना योग्यच होती. प्रवासी मधोमध जन्माला येत नाहीत, ते कडेला राहतात, एवढाच मुद्दा निसटला. अशा थांब्यावर उतरलेल्या ज्येष्ठ नागरिकाला प्रवासाचा सर्वांत लांब टप्पा, म्हणजे अर्धा रस्ता, अजून करायचा असतो. सिग्नलचा हिरवा माणूस काही सेकंद दिसतो आणि तोही चालत नसतो, पळत असतो.

प्रवासाच्या कारणांपैकी एकाचा वेगळा उल्लेख हवा. नोव्हेंबरात सरकारी निवृत्तिवेतनधारकांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून बोटाच्या ठशावर तो यंत्राने देण्याची सोय झाली. पण उतारवयात बोटांचे ठसे झिजतात आणि यंत्राला समोरचा माणूस ओळखू येत नाही. मग अनेकजण बसने बँकेत जाऊन साहेबांपुढे उभे राहतात. केंद्र सरकारच्या ८० वर्षांपुढील निवृत्तांना हे काम ऑक्टोबरातच उरकण्याची मुभा आहे. सकाळी अकराच्या बसने बँकेपर्यंत पोहोचणे हाच पुरेसा पुरावा मानून तिकिटाला हयातीच्या दाखल्याचा दर्जा देण्यास हरकत नसावी.

सातवी गोष्ट परतीचा प्रवास. जिथे उतरलो त्याच्याच समोरून परतीची बस मिळते, असे समजणारा प्रवासी पुण्यातला नसतो. बाजीराव रस्त्याने बस शनिवारवाड्याकडे जाते, शिवाजी रस्त्याने स्वारगेटकडे येते आणि दोन्ही रस्ते एकेरी आहेत. बाजीराव रस्त्यावरच्या शनिपारला उतरून मंडईत भाजी घेतली की पिशवीसह दुसऱ्या रस्त्यावर जावे लागते. जाताना रिकामी असलेली पिशवी येताना पाच किलोची झालेली असते आणि दुपार असल्याने फेऱ्या कमी झालेल्या असतात. गर्दीची वेळ टाळून प्रवास करावा, असा सल्ला ज्येष्ठांना सगळेच देतात. गर्दीच्या वेळी बस येते पण चढता येत नाही आणि दुपारी चढता येते पण बस येत नाही. दोन्हींतले काय सोसायचे ते प्रत्येकाने आपल्या सांध्यांना विचारून ठरवायचे असते.

शेवटचा भाग थांब्यापासून घरापर्यंतचा. हे अंतर बहुधा दीड किलोमीटरच्या आत, म्हणजे रिक्षाच्या किमान भाड्यात बसते. नेमके त्यामुळेच रिक्षावाला मान हलवतो आणि लांबचे गिऱ्हाईक शोधतो. चौथा रिक्षावाला तयार होतो आणि पन्नास रुपये सांगतो.